तोफा पुण्याच्या, दारू भंडाऱ्याची

दिनांक २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत भीषण स्फोट होऊन इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, २६ मार्च रोजी, संरक्षण मंत्रालयाने १५५ मिलिमीटर व्यासाच्या ३०७ ओढीव तोफा आणि त्या ओढणारी वाहने यांसाठी सुमारे ६९०० कोटी रुपयांचे करार केले. पहिल्या बातमीचे आयुष्य आठवडाभराचे ठरले. मंत्री येऊन गेले, नुकसानभरपाई जाहीर झाली, चौकशीची घोषणा झाली आणि वृत्तपत्रांची पाने दुसऱ्या विषयांकडे वळली. दुसऱ्या बातमीचे कौतुक मात्र दीर्घकाळ चालले. आणि ते कौतुक अस्थानी होते असे आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आराखडा करावा, पुण्याच्याच भारत फोर्जने आणि टाटांच्या कंपनीने ती तोफ घडवावी आणि तिने ४८ किलोमीटरपर्यंत गोळा फेकून दाखवावा, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशीच गोष्ट आहे. आमचे म्हणणे इतकेच आहे की, या दोन बातम्या दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, आणि देशाने त्यांपैकी एकच बाजू वाचली.

तोफेचा पल्ला कशाने वाढतो, हे समजून घेतल्यावाचून हा संबंध ध्यानात यावयाचा नाही. सामान्य समज असा की, नळी लांब म्हणजे पल्ला लांब. तो समज अर्धा खरा आहे. १९८६ च्या करारान्वये स्वीडनहून आलेल्या बोफोर्स तोफेची नळी तिच्या व्यासाच्या ३९ पट, म्हणजे सुमारे सहा मीटर लांब होती. नव्या तोफेची नळी व्यासाच्या ५२ पट, म्हणजे आठ मीटरांहून किंचित अधिक आहे. परंतु नळी ही केवळ वाट होय. त्या वाटेने सुमारे पंचेचाळीस किलो वजनाचा गोळा सेकंदाला नऊशे मीटरांहून अधिक वेगाने ढकलणारी शक्ती नळीच्या मागच्या दालनात भरलेल्या दारूतून निर्माण होते. या दालनाची जागतिक प्रमाण क्षमता २३ लिटर. आपल्या संशोधकांनी ती २५ लिटर ठेवली. दालन वाढविले ते अधिक दारू मावावी म्हणूनच. पूर्ण पल्ल्यासाठी एका गोळ्यामागे सुमारे पंधरा किलो दारू लागते, आणि ती प्रत्येक वेळी नेमक्या त्याच गतीने जळावी लागते. ती किंचित मंद जळाली तर गोळा अलीकडे, कदाचित आपल्याच सैन्यावर पडतो. किंचित वेगाने जळाली तर नळीवरील दाब मर्यादेबाहेर जातो, आणि मग काय होते हे पोखरणच्या वाळवंटात आपण एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. २०१७ साली अमेरिकेहून नुकत्याच आलेल्या तोफेची नळी तेथे चाचणीत फुटली. २०२० साली या स्वदेशी तोफेच्याही नळीस तसाच अपघात होऊन चौघे जखमी झाले.

दारू हा शब्द आपण सरसकट वापरतो, परंतु तोफखान्यात तिच्या दोन निराळ्या जाती आहेत. एक फेकणारी, दुसरी फुटणारी. फुटणारी दारू गोळ्याच्या पोटात असते व लक्ष्यावर आपले काम करते. फेकणारी दारू, जिला तंत्रज्ञ प्रॉपेलंट म्हणतात, ती स्फोट पावत नाही. ती विलक्षण वेगाने, पण शिस्तीने जळते. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि नायट्रोसेल्युलोजचा पाया कापूस. सरकीतून रुई काढून घेतल्यावर सरकीस चिकटून राहणारे जे आखूड तंतू असतात, ज्यांना लिंटर म्हणतात, ते शुद्ध करून नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात मुरविले की त्या निरुपद्रवी कापसाचे तोफेच्या अन्नात रूपांतर होते. पुढे त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळले की दुहेरी, आणि नळीची झीज कमी करणारे आणखी एक द्रव्य मिसळले की तिहेरी घटकांची दारू तयार होते. मोठ्या तोफांना ही तिहेरी दारूच मानवते. ती मळावी लागते, दाबून तिच्या कांड्या पाडाव्या लागतात, त्यांना सूक्ष्म छिद्रे ठेवावी लागतात, वाळवाव्या लागतात, आणि या प्रत्येक पायरीवर एक ठिणगी किंवा अंगावरच्या कपड्यातील स्थिर विद्युत्‌सुद्धा पुरेशी असते. हे काम करणाऱ्या देशातील मोजक्या निर्माणींत निलगिरीतील अरुवनकाडू, मध्य प्रदेशातील इटारसी आणि बिहारमधील नालंदा यांच्याबरोबर भंडाऱ्याचे नाव येते.

भंडारा म्हटले की आमच्या वाचकांस धान, तलाव, कोशाचे कापड आणि पितळेची भांडी आठवतात. मुंबई–कोलकाता महामार्गाने नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना वाटेत जवाहरनगरचे फलक लागतात, गणवेशातील पहारेकरी दिसतात, आणि मोटार पुढे निघून जाते. आत काय चालते हे पाहण्याची मुभा नाही, आणि नसावी हेही योग्यच. परंतु पाहण्याची मुभा नसणे निराळे आणि विचार करण्याची सवय नसणे निराळे. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीस संरक्षणमंत्री म्हणून गेले, त्या दशकात विदर्भात आयुध निर्माणींची जी मालिका उभी राहिली, तिच्यातील ही एक. अंबाझरीस गोळ्यांची पोलादी कवचे घडतात, भंडाऱ्यास दारू होते, भद्रावतीच्या चांदा निर्माणीत गोळ्यांच्या पोटात स्फोटके ओतली जातात, आणि पुलगावच्या भांडारात दारूगोळ्याचे साठे राहतात. सीमेपासून दूर, देशाच्या मध्यावर, रेल्वेच्या चौफुलीजवळ अशी ही योजना होती आणि ती शहाणपणाची होती. एका तोफगोळ्याचा जन्म विदर्भाच्या चार जिल्ह्यांत विभागलेला आहे, हे आम्हां नागपूरकरांनाही सहसा सुचत नाही.

आता या योजनेचे पुढे काय झाले ते पाहू. बोफोर्सचा करार १४३७ कोटींचा आणि ४१० तोफांचा होता. त्यात तोफेची रेखाचित्रे व ती येथे बनविण्याचे ज्ञान मिळण्याची तरतूद होती. १९८७ च्या एप्रिलमध्ये स्वीडिश आकाशवाणीने दलालीचा आरोप केला आणि त्यानंतरचा सारा काळ दलाली कोणी घेतली या वादात गेला. ती रेखाचित्रे मात्र दोन दशकांहून अधिक काळ कपाटात पडून राहिली. त्यांच्याच आधारे जबलपूरला धनुष तोफ घडली, आणि तिच्या पहिल्या सहा नगांचे हस्तांतरण सैन्याला झाले ते २०१९ च्या एप्रिलमध्ये. तीस वर्षे या देशाने एकही नवी मोठी तोफ घेतली नाही. लाच घेणाऱ्यांनी देशाचे नुकसान केले हे खरे; परंतु लाचेच्या भीतीने निर्णयच न घेणाऱ्यांनी त्याहून कमी केले असे आम्हांस वाटत नाही. कारगिलच्या लढाईत, १९९९ साली, त्याच बदनाम तोफांनी तोलोलिंग व टायगर हिल यांच्या कड्यांवरील शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. त्या लढाईत सुमारे अडीच लाख गोळे व अग्निबाण झाडले गेले. तेव्हाचे सरसेनापती जनरल मलिक यांना, हाताशी आहे त्यावरच लढू, अशा अर्थाचे उद्गार काढावे लागले, ते तोफा कमी होत्या म्हणून नव्हे एवढे. दारूगोळा, सुटे भाग आणि दुर्बिणींसारखी साधनेच अपुरी होती म्हणून.

या अनुभवाने डोळे उघडावयास हवे होते. तोफेच्या दारूची जुनी रीत म्हणजे कापडी पिशव्या. त्यांऐवजी ठराविक मापाच्या, स्वतःच जळून जाणाऱ्या नळकांड्यांत दारू भरून, जितका पल्ला तितकी नळकांडी तोफेत घालावयाची, अशी नवी पद्धत जगभर आली होती. ती भारतात बनावी म्हणून नालंदा येथील निर्माणीची कोनशिला १९९९ मध्ये बसली. आधी दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीशी करार झाला, तो २००५ मध्ये दलालीच्या आरोपावरून रद्द. मग इस्रायली कंपनी आली, ती २०१२ मध्ये काळ्या यादीत. अखेर पुण्याच्याच उच्चशक्ती द्रव्य संशोधन शाळेने विकसित केलेल्या तंत्रावर काम मार्गी लागले. जे घरी होते ते शोधण्यास आपण दोन परदेशांची वाट तुडविली. याच काळात, २०१७ मध्ये, महालेखापरीक्षकांनी संसदेस सांगितले की, सप्टेंबर २०१६ च्या सुमारास सैन्याच्या दारूगोळ्याच्या प्रकारांपैकी सुमारे ४० टक्के प्रकार घनघोर युद्धाचे दहा दिवसही पुरणार नाहीत अशा अवस्थेत होते. युद्धसाठ्याचा दंडक चाळीस दिवसांचा. तोफगोळ्यांच्या बाबतीत मुख्य उणीव फ्यूजची होती. म्हणजे गोळा आहे, दारू आहे, पण गोळा कोठे व केव्हा फुटावा हे ठरविणारा मूठभर आकाराचा पुर्जा नाही, म्हणून सारेच व्यर्थ. तोफांची संख्या नगांत मोजतात, दारूगोळा दिवसांत मोजतात. पहिली संख्या संचलनात दिसते, दुसरी दिसत नाही, आणि आपल्या राज्यकर्त्यांस दिसणाऱ्या गोष्टींचा मोह अधिक.

हा मोह केवळ आपला आहे असे नाही. ब्रिटनमध्ये १९१५ साली तोफगोळ्यांच्या तुटवड्यावरून मंत्रिमंडळाची फेररचना झाली आणि लॉइड जॉर्ज यांच्याकडे दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते द्यावे लागले. १९१७ साली दारूस लागणाऱ्या ॲसिटोनसाठी तेथील शाळकरी मुलांकडून रानातील चेस्टनटची फळे गोळा करविण्यात आली. शंभर वर्षांनंतर, २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि क्षेपणास्त्रांच्या युगात तोफ जुनी झाली असे म्हणणाऱ्यांस पुन्हा तोच धडा घ्यावा लागला. युरोपीय संघाने २०२३ च्या मार्चमध्ये एका वर्षात दहा लाख गोळे देण्याचे वचन युक्रेनला दिले. वर्षअखेर त्याच्या निम्मेच जमले. कारखाने होते, पैसा होता. अडले कोठे, तर दारूवर. दारूसाठी लागणारा विशिष्ट कापूस प्रामुख्याने चीनहून येतो व तो येईनासा झाला आहे, हे संघाच्या उद्योग-आयुक्तांनी २०२४ मध्ये उघडपणे सांगितले. प्रगत युरोपची तोफ सरकीच्या तंतूंपाशी अडली! ज्या विदर्भात कापसाच्या भावावरून दरवर्षी आक्रोश होतो, सरकी तेलघाण्यांवर जाते आणि ढेप गुरांपुढे, तेथील नियोजनकारांनी या एका वाक्यावर रात्र जागवावयास हवी होती. भंडाऱ्याच्या निर्माणीस उत्तम प्रतीचे लिंटर यवतमाळ-वर्ध्याच्या जिनिंग-प्रेसिंगमधून, ठरलेल्या भावाने आणि दीर्घ मुदतीच्या कराराने मिळावे, असा विचार कापसाच्या धोरणात कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

मागणी मात्र वाढत आहे, आणि वेगाने. २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून दोनशे वर्षांची परंपरा सांगणारे आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन ४१ निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या. भंडारा व चांदा या पुण्यास मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या, अंबाझरी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. कामगार संघटनांनी विरोध केला, तेव्हा वर्षभराच्या मुदतीचा संपबंदीचा कायदा करून तो विरोध थोपविण्यात आला. बदलाचे काही सुपरिणाम झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. परदेशी मागण्या येऊ लागल्या. पिनाका अग्निबाणांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजार कोटींहून अधिक रकमेचे करार झाले, ते याच सरकारी कंपनीशी आणि नागपूरच्या एका खाजगी उद्योगाशी. खाजगी की सरकारी, या जुन्या वादात आम्हांस स्वारस्य नाही. दारूला मालक कोण ते कळत नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील खाजगी कारखान्यात नऊ जण गेले. १३ जून २०२४ रोजी धामणा येथे पुन्हा स्फोट झाला, आणि दोन्ही ठिकाणी मरणाऱ्यांत बहुसंख्य आसपासच्या खेड्यांतील स्त्रिया होत्या. पुलगावला ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री जी आग लागली, तीत विझवावयास धावलेले अग्निशामक जवानच मोठ्या संख्येने बळी पडले. जवाहरनगरातही जानेवारी २०२५ पूर्वी वर्षभर आधी एका कामगाराचा स्फोटात अंत झाला होता. नागपूरच्या भोवतालच्या शंभर मैलांत दहा वर्षांहून कमी काळात इतके घडावे, आणि प्रत्येक वेळी तो एक सुटा, दुर्दैवी अपघात मानला जावा, हे आम्हांस मान्य नाही.

कोणी म्हणेल, २०२५ चा स्फोट प्लास्टिक स्फोटकांच्या विभागात झाला, तोफेच्या दारूच्या नव्हे. मग त्याचा लांब पल्ल्याच्या तोफांशी संबंध काय? संबंध असा की, भिंत तीच, व्यवस्थापन तेच, सुरक्षेचे नियम तेच आणि खेड्यांतून सायकलीने व दुचाकीने कामास येणारा कामगारही तोच. दारूच्या कारखान्याचे शास्त्र काही गूढ नाही. एका इमारतीत कमीत कमी माणसे, कमीत कमी द्रव्य, इमारतींमध्ये पुरेसे अंतर आणि मातीचे बांध, व जे काम दुरून यंत्राने होऊ शकते ते हाताने न करणे, हे त्याचे सार. यांपैकी पहिले तीन नियम साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्यात होते. चौथा नियम पैसा मागतो. उत्पादन दुप्पट करावयाचे झाल्यास दोन मार्ग असतात: नवी, दूरनियंत्रित यंत्रसामग्री बसविणे, किंवा जुन्याच इमारतींत अधिक पाळ्या चालविणे. पहिला मार्ग तीन-चार वर्षांचा आणि दुसरा उद्यापासूनचा. ज्या कंपनीला वर्षअखेर नफा दाखवावयाचा आहे तिला कोणता मार्ग आकर्षक वाटेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. म्हणूनच सुरक्षेचा तपासनीस त्या कंपनीचा नोकर असता कामा नये. तो स्वतंत्र असावा, सरकारी व खाजगी दोन्ही कारखान्यांस त्याचा दंडक एकच असावा, आणि एखादी इमारत बंद करण्याचा त्याचा हुकूम उत्पादनाच्या तारखेपेक्षा वरचढ असावा.

आमच्या पूर्वजांस हा विषय नवा नव्हता. आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणी दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, सदरेपासून अंतरावर बांधावा, आणि ठराविक दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढून तीस ऊन द्यावे व पुन्हा मोहोरबंद करावी, अशी तपशीलवार आज्ञा आहे. राज्यकारभारावरील ग्रंथात दारू वाळविण्याचे वेळापत्रक यावे, ही रामचंद्रपंत अमात्यांची दृष्टी. उलटपक्षी, महादजी शिंद्यांनी द बॉइनच्या हातून उत्तम तोफा ओतविल्या, आग्र्यास कारखाना घातला. परंतु पलटणींचे अधिकारी व कसब परक्यांच्या हाती राहिले, आणि १८०३ च्या ऐन युद्धात ते परके निघून गेले. तोफ आपली होती, तिच्या मागचे ज्ञान आपले नव्हते.

ते ज्ञान आता आपले होत आहे, हीच समाधानाची गोष्ट, आणि म्हणून चिंतेचीही. पुण्याच्या संशोधकांपुढे आता ४८ किलोमीटरांच्याही पलीकडचा पल्ला आहे. बुडाशी वायू सोडून मागची हवेची ओढ कमी करणारे गोळे वापरात आहेत. वाटेत स्वतःची चूल पेटवून पुढे जाणाऱ्या रॅमजेट गोळ्यावर मद्रासच्या आयआयटीत काम चालू आहे. असा प्रत्येक नवा गोळा अधिक शक्तिमान आणि म्हणून अधिक तापट द्रव्ये मागतो. ती मळणारे, दाबणारे, वाळविणारे हात प्रयोगशाळेत नसून जवाहरनगरसारख्या ठिकाणी आहेत. पल्ल्याचा प्रत्येक किलोमीटर वाढला की तेथील धोकाही वाढतो, आणि तो कमी करण्याचा खर्च तोफेच्या किमतीत धरलेला नसतो. ६९०० कोटींच्या करारात तोफ आहे, ओढगाडी आहे. जवाहरनगरच्या इमारती नाहीत.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात, आणि त्यांपैकी एकही अशक्य कोटीतील नाही. मोठ्या तोफांच्या दारूची मागणी सैन्याने वर्षागणिक न नोंदवता दहा वर्षांसाठी नोंदवावी, म्हणजे नव्या यंत्रसामग्रीत पैसा घालण्याचे धाडस सरकारी व खाजगी, दोघांनाही होईल. शांततेत यंत्रे थंड आणि संकटात घाई, या चक्रातूनच बहुतेक अपघात जन्मतात. लिंटरपासून फ्यूजपर्यंतच्या साखळीचा एकच जबाबदार अधिकारी असावा. आज ती सरकारी कंपन्या, संशोधन संस्था, खाजगी उद्योग आणि सैन्याचे तपासणी खाते यांच्यात वाटली गेली आहे, आणि एक कडी निसटली तर दोष कोणाचा हे शोधण्यातच वर्ष जाते. तिसरी गोष्ट चौकशीची. २४ जानेवारीच्या स्फोटाच्या चौकशीचे निष्कर्ष, गोपनीय रासायनिक तपशील वगळून, संसदेच्या पटलावर ठेवण्यात यावेत. गुप्ततेचा आक्षेप येथे टिकणारा नाही. कोणत्या द्रव्याचे किती प्रमाण घेतले ते शत्रूपासून लपवावे. त्या सकाळी इमारतीत नेमाहून अधिक माणसे होती काय, यंत्र किती वर्षांचे होते, आदल्या वर्षीच्या मृत्यूनंतर काय सुधारणा सुचविल्या गेल्या व त्यांतील किती अमलात आल्या, हे लपविण्याने शत्रूचा काहीही तोटा होत नाही.

भंडारा जिल्ह्याला चौकशांचा अनुभव आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षास आग लागून दहा अर्भके गुदमरून व होरपळून गेली, तेव्हाही समित्या झाल्या होत्या. जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी दोन्ही सभागृहांत आहेत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी निर्माणींच्या उत्पादनाचे आकडे ठेवले जातात. त्या आकड्यांशेजारी, त्याच पानावर, त्या वर्षी निर्माणींत मृत व जखमी झालेल्यांची संख्या आणि बंद ठेवलेल्या धोकादायक इमारतींची यादी देण्यात यावी, एवढी मागणी तरी त्यांनी पुढच्या अधिवेशनात करावी.